डोळा बांधणारा हात आणि चौदा टक्के: नागपूर खंडपीठातील एका अपघात अपिलाचा प्रकरण अभ्यास

संबंधितांची ओळख पटू नये म्हणून गाव, रोपवाटिका आणि काही तपशील येथे बदलले आहेत व उत्पन्नाचे आकडे गोल केले आहेत. कायद्याचे मुद्दे आणि निर्णयांचा क्रम मात्र मूळ प्रकरणातलाच आहे.

पार्श्वभूमी

काटोल तालुक्यातल्या एका रोपवाटिकेत संत्र्याच्या कलमा बांधणारा 34 वर्षांचा कारागीर 2016 साली दोन सहकाऱ्यांना मागे बसवून मोटारसायकलने नागपूरकडे येत होता. वळणावर समोरून आलेल्या मालवाहू पिकअपने त्याला धडक दिली. मागचे दोघे खरचटण्यावर निभावले. याचा उजवा हात मात्र हँडल आणि गाडीचा पुढचा भाग यांच्यात चेंगरला. मनगटाच्या हाडांबरोबर अंगठ्याकडचे टेंडन (स्नायू हाडाला जोडणारे दोर) आणि मीडियन नर्व्ह (अंगठा व शेजारच्या बोटांना संवेदना देणारी नस) दुखावली. दोन शस्त्रक्रिया झाल्या आणि हात वाचला, परंतु अंगठा तर्जनीच्या टोकाला टेकेनासा झाला आणि पहिल्या तीन बोटांची संवेदना बरीच गेली.

या माणसाचे काम नेमके काय होते हे समजल्याशिवाय पुढचा वाद समजणार नाही. जंबेरी या रानटी लिंबाचा खुंट, म्हणजे ज्यावर कलम बांधायचे ते रोप, पेन्सिलीएवढा जाड झाला की जमिनीपासून वीतभर उंचीवर त्याच्या सालीत टी आकाराचा छेद घ्यायचा, निवडलेल्या झाडाच्या काडीवरचा डोळा, म्हणजे अंकुर, ढालीच्या आकारात सालीसकट अलगद सोडवायचा, तो चिमटीत धरून छेदात सरकवायचा आणि साल सुकण्याच्या आत वरून प्लास्टिकची पट्टी आवळायची, असे हे काम आहे. मजुरी डोळ्यांच्या संख्येवर मिळते आणि बांधलेल्यांपैकी किती जगले यावर कारागिराचे नाव ठरते. पहिल्या भेटीत तो म्हणाला होता, ‘‘वकील सायेब, हात तं हाय, पण बोटं आयकत नाही.’’ अपिलाचा सगळा विषय या एका वाक्यात होता. न्यायालयाला तो समजेल अशा कायदेशीर रूपात मांडणे एवढेच काम उरले होते, आणि तेच अवघड होते.

न्यायाधिकरणाचा निवाडा

मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 166 खाली नागपूरच्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात 10 लाख रुपयांचा अर्ज दाखल झाला होता. निवाडा 2019 मध्ये झाला. सरकारी वैद्यकीय मंडळाच्या प्रमाणपत्रात उजव्या हाताचे कायम अपंगत्व 42 टक्के नोंदले होते. न्यायाधिकरणाने त्याचा एक तृतीयांश धरून संपूर्ण शरीराचे अपंगत्व 14 टक्के ठरवले आणि तेवढेच टक्के कमाईचे नुकसान मानले. मासिक 18,000 रुपये मिळकतीचा दावा पुराव्याअभावी बाजूला ठेवून काल्पनिक उत्पन्न 8,000 रुपये धरले. सरला वर्मा प्रकरणातील (2009) तक्त्याप्रमाणे 31 ते 35 या वयोगटाचा गुणक, म्हणजे वार्षिक नुकसान ज्या आकड्याने गुणायचे तो, 16 लावला. कमाईच्या नुकसानीचे 2,15,040 रुपये, औषधोपचाराचे 1,60,000, वेदनांबद्दल 25,000 आणि उपचारकाळातील तीन महिन्यांच्या बुडालेल्या मजुरीचे 24,000 अशी एकूण 4,24,040 रुपयांची बेरीज झाली. अर्जदार ट्रिपल सीट होता या कारणास्तव 25 टक्के दोष त्याच्यावर टाकून हातात 3,18,030 रुपये आणि दरसाल 7 टक्के व्याज आले.

गुणक आणि औषधोपचाराची रक्कम सोडली तर या निवाड्यातील जवळजवळ प्रत्येक आकड्याला आक्षेप घेता आला असता. अर्जदाराने तरीही अपील केले नाही. कलम 173 खालची 90 दिवसांची मुदत निघून गेली, कारण कर्ज फेडायचे होते आणि आहे ते पदरात पडावे अशी घरच्यांची इच्छा होती. अपील केले ते विमा कंपनीने. पिकअपच्या चालकाकडे हलक्या मोटार वाहनाचा परवाना होता, मालवाहतुकीची स्वतंत्र नोंद नव्हती, म्हणून आपण जबाबदार नाही असा तिचा पहिला मुद्दा होता, आणि दोषाची विभागणी किमान निम्मी-निम्मी असावी असा दुसरा. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाची नोटीस घेऊन अर्जदार आमच्याकडे आला, तेव्हा मिळालेले पैसे परत जातील का, एवढाच त्याचा प्रश्न होता.

पहिला निर्णय: बचाव करायचा की मागणी वाढवायची

तीन वाटा होत्या. एक, फक्त विमा कंपनीच्या अपिलाला उत्तर देऊन मिळालेला निवाडा राखायचा. दोन, विलंबमाफीच्या अर्जासह स्वतंत्र अपील करायचे. तीन, दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 41, नियम 22 खाली क्रॉस ऑब्जेक्शन म्हणजे प्रतिआक्षेप दाखल करायचा.

पहिल्या वाटेत खर्च नव्हता, पण रंजना प्रकाश प्रकरणात (2011) सर्वोच्च न्यायालयाने घातलेली मर्यादा आडवी येत होती. विमा कंपनीच्या अपिलात दावेदार निवाड्यातील रक्कम इतर कारणांवर टिकवू शकतो, परंतु स्वतःचे अपील किंवा प्रतिआक्षेप नसेल तर ती वाढवून मागू शकत नाही. याच्या उलट सुरेखा विरुद्ध संतोष या 2020 च्या निकालात स्वतंत्र अपील नाही एवढ्या तांत्रिक कारणावर वाढ नाकारणे सर्वोच्च न्यायालयाला मान्य झाले नाही. अशा निकालाचा आधार युक्तिवादात जरूर घ्यावा, मात्र हातात प्रतिआक्षेपाची मुदत शिल्लक असताना अशिलाचे भवितव्य त्यावर सोडणे धोक्याचेच.

स्वतंत्र अपिलात विलंब माफ होण्याची शक्यता चांगली असली, तरी अशा वेळी विलंबाच्या काळाचे व्याज सोडून देण्याची अट बऱ्याचदा घातली जाते. प्रतिआक्षेपाला सुनावणीची नोटीस मिळाल्यापासून एक महिना असतो आणि तो महिना अजून संपला नव्हता. शिवाय मूळ अपील मागे घेतले गेले किंवा गैरहजेरीमुळे निकाली निघाले, तरी नियम 22(4) प्रमाणे प्रतिआक्षेप जिवंत राहतो. वाढीची शक्यता दिसताच अपील मागे घेऊन मोकळे होण्याचा मार्ग त्यामुळे कंपनीला उरत नव्हता. प्रतिआक्षेप मुदतीत दाखल झाला.

अपंगत्वाचे टक्के, काल्पनिक उत्पन्न, भविष्यातील वाढ, ट्रिपल सीटची कपात आणि वेदना व जीवनसुखाच्या हानीची तुटपुंजी रक्कम असे पाच मुद्दे त्यात घेतले. भविष्यातील वाढीचा मुद्दा तेव्हा काहीसा अधांतरी होता. प्रणय सेठी निकालाने (31 ऑक्टोबर 2017) चाळिशीच्या आतील स्वयंरोजगार असलेल्यांच्या बाबतीत 40 टक्के वाढ ठरवली होती, पण ते मृत्यूचे प्रकरण होते आणि जखमींना ती लागू नाही असे मानण्याकडे अनेकांचा कल होता. पप्पू देव यादव निकालाने सप्टेंबर 2020 मध्ये तो संशय दूर केला. प्रतिआक्षेपात मुद्दा लिहिलेला असल्याने आम्हाला नवे काही दाखल करावे लागले नाही.

दुसरा निर्णय: नवा पुरावा आणायचा की आहे त्या रेकॉर्डवर उभे राहायचे

खालच्या न्यायाधिकरणातून रेकॉर्ड आले आणि सगळ्या साक्षी नव्याने वाचल्या. अपिलाच्या वकिलाला साक्षीदार दिसत नाही, त्याच्यासमोर असतो तो फक्त टंकलिखित कागद. त्यामुळे सरतपासणीइतकीच (साक्षीदाराला बोलावणाऱ्या बाजूने घेतलेली साक्ष) उलटतपासणी वाचावी लागते, किंबहुना जास्त, कारण विरुद्ध बाजूने स्वतः प्रश्न विचारून काढलेले उत्तर तिला नंतर नाकारता येत नाही.

वैद्यकीय मंडळातील डॉक्टरांच्या साक्षीत असेच एक उत्तर सापडले. विमा कंपनीच्या वकिलांनी अपंगत्व किरकोळ दाखवण्यासाठी त्यांच्यापुढे एकामागून एक विधाने ठेवून ती खरी आहेत का असे विचारले होते. मूळ नोंद अशी होती: ‘‘हे म्हणणे खरे आहे की, अर्जदार दोन्ही हातांनी ओझे उचलू शकतो. हे म्हणणे खरे आहे की, तो शेतीची सर्वसाधारण कामे करू शकतो. मात्र बारीक वस्तू चिमटीत धरून करण्याची कामे तो उजव्या हाताने करू शकणार नाही.’’ शेवटचे वाक्य डॉक्टरांनी आपणहून जोडले होते. निवाड्यात त्याचा उल्लेखही नव्हता, कारण अर्जदाराच्या कामात चिमटीचे महत्त्व काय हे तेव्हा कुणी न्यायाधिकरणाला समजावून सांगितले नव्हते. कामाचे वर्णन रोपवाटिका मालकाच्या शपथपत्रात होते, पण ते ‘कलमा बांधतो’ या दोन शब्दांतच संपले होते.

उत्पन्नाची बाजू त्याहून कमकुवत होती. दर हजारी डोळ्यांना ठरलेला भाव आपण देत होतो असे मालकाने सांगितले, परंतु हिशेबाची वही हजर केली नाही. उलटतपासणीत हंगाम थंडीच्या तीन-चार महिन्यांचाच असतो हे त्याने मान्य केले. उरलेल्या काळात हा कारागीर बागांमध्ये सल (झाडाच्या वाळलेल्या फांद्या) काढायला आणि मोसंबी-लिंबाच्या कलमांना जात असे. ही गोष्ट खरी होती, मात्र रेकॉर्डवर तिचा मागमूस नव्हता.

त्यामुळे आदेश 41, नियम 27 खाली अतिरिक्त पुराव्याचा अर्ज करावा का, हा प्रश्न आला. वह्या आता उपलब्ध होत्या. पण खाली असताना त्या का आणल्या नाहीत याचे समाधानकारक उत्तर नव्हते, आणि अर्ज मंजूर झालाच तर कंपनीला उलटतपासणीची संधी द्यावी लागून प्रकरण पुराव्यासाठी परत खाली जाण्याचा संभव मोठा होता. असा फेरा एकदा सुरू झाला की त्यात काही वर्षे जातात. अर्ज करायचा नाही असे ठरले. उत्पन्नाच्या आकड्यावर थोडे पाणी सोडायचे आणि सगळा जोर अपंगत्वाच्या टक्क्यांवर द्यायचा, असे त्यामागचे गणित होते. डॉक्टरांचे ते वाक्य हाती असताना टक्क्यांच्या मुद्द्याला नव्या पुराव्याची गरज नव्हती.

मधला काळ आणि तडजोडीचा प्रस्ताव

विमा कंपनीने स्थगितीसाठी निवाड्याची संपूर्ण रक्कम व्याजासह उच्च न्यायालयात भरली होती. ती काढण्याचा अर्ज आम्ही लगेच केला. हमीपत्रावर निम्मी रक्कम, म्हणजे सुमारे 2 लाख रुपये, काढण्याची परवानगी मिळाली आणि त्यातून खाजगी कर्जाचा मोठा हिस्सा फिटला. हा अर्ज दुय्यम समजून पुढे ढकलला जातो, आणि मला तसे करणे कधीच पटलेले नाही. ज्याच्या दारात सावकार उभा आहे तो तडजोडीच्या टेबलावर आकडा बघून निर्णय घेऊ शकत नाही.

मार्च 2022 मध्ये परवान्याचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने घटनापीठाकडे सोपवला. हलक्या वाहनाचा परवाना असलेला चालक 7,500 किलोच्या आतील मालवाहू गाडी चालवू शकतो, हा मुकुंद देवांगन प्रकरणातील (2017) निर्णय त्यामुळे पुन्हा तपासला जाणार होता, आणि आमचा निवाडा त्याच आधारावर उभा होता. त्याच वर्षी लोकअदालतीत कंपनीने सर्व मिळून 6.5 लाख रुपये देऊ केले. निवाड्याची रक्कम व्याजासह तोवर साडेचार लाखांच्या आसपास जात होती, म्हणजे प्रस्ताव वरवर पाहता वाईट नव्हता. लोकअदालतीतल्या निवाड्यावर पुढे अपील नसते, त्यामुळे कटकटही तिथेच संपली असती.

अर्जदार आणि त्याची पत्नी दोघांना बसवून हिशेब कागदावर मांडला. उत्पन्न 8,000 च राहिले, त्यात फक्त 40 टक्के वाढ मिळाली आणि अपंगत्व 40 टक्के धरले गेले, तरी कमाईचे नुकसान 8,60,160 रुपये होते. त्यात निवाड्यातल्या बाकीच्या रकमा मिळवल्या की 10,69,160 होतात. ट्रिपल सीटची कपात कायम राहिली असे धरले तरी 8 लाखांवर रक्कम उरते, व्याज वेगळे. दुसऱ्या बाजूला, काहीच वाढले नाही तर पुन्हा 3,18,030 वर येणार, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले. परवान्याचा मुद्दा विरुद्ध गेला तरी अशा प्रकरणांत कंपनीने आधी रक्कम द्यावी व मग मालकाकडून वसूल करावी असा आदेश होण्याची शक्यता बरीच असते. तो मिळतोच अशी खात्री मात्र कुणी देऊ नये.

पत्नीने विचारले, ‘‘थांबलो तं किती वर्षं?’’ याचे प्रामाणिक उत्तर देता येत नव्हते आणि तसे सांगितले. दोन दिवसांनी त्यांनी प्रस्ताव नाकारल्याचे कळवले. आधी काढलेले 2 लाख नसते तर त्यांचे उत्तर वेगळे असते असे मला वाटते.

परवान्याचा प्रश्न घटनापीठापुढे असताना इतर मुद्दे तेवढे आधी ऐकावेत असा आग्रह धरता आला असता. तसे केले नाही. जबाबदारी कुणाची हेच अनिश्चित असताना वाढीव निकाल मिळवला तर तो घेऊन कंपनी दिल्लीला सर्वोच्च न्यायालयात जाणार आणि स्थगिती आणणार, हे दिसत होते. घटनापीठाचा निकाल 6 नोव्हेंबर 2024 रोजी आला आणि बजाज अलियान्झ विरुद्ध रंभा देवी या प्रकरणात मुकुंद देवांगनमधील भूमिका कायम राहिली. पिकअपचे एकूण वजन मर्यादेच्या बरेच खाली होते, त्यामुळे कंपनीचा मुख्य मुद्दा एका दिवसात संपला.

सुनावणी

अंतिम सुनावणी 2025 मध्ये झाली. ट्रिपल सीटच्या मुद्द्याला फार वेळ लागला नाही. मोहम्मद सिद्दिकी निकालात (2020) सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे की तिघे बसणे हा नियमभंग असला तरी अपघाताशी किंवा इजेच्या तीव्रतेशी त्याचा कार्यकारणसंबंध दाखवल्याशिवाय दोष लादता येत नाही. घटनास्थळ पंचनाम्यात टायरच्या खुणा अर्जदाराच्या बाजूच्या रस्त्यावर होत्या आणि पिकअपचा चालक साक्षीला आलाच नव्हता.

खरी चर्चा टक्क्यांवर झाली. राजकुमार विरुद्ध अजयकुमार (2011) हा यातला पायाभूत निकाल आहे. अवयवाचे अपंगत्व, शरीराचे अपंगत्व आणि कमाईच्या क्षमतेचे नुकसान या तीन वेगळ्या गोष्टी असून तिसरी ठरवताना जखमी माणूस आधी काय काम करत होता, आता काय करू शकतो आणि दुसरे काही करून पोट भरू शकतो का, हे क्रमाने तपासावे, असे त्यात सांगितले आहे. न्यायाधिकरणाने 42 वरून थेट 14 वर येताना यापैकी एकही पायरी चढली नव्हती.

कमाईचे नुकसान 100 टक्के मागावे की नाही, याचा निर्णय आधीच घ्यावा लागला. अशील आणि त्याचे नातेवाईक 100 टक्क्यांवर ठाम होते, आणि डोळा बांधण्यापुरते पाहिले तर ते खरेच होते. परंतु उलटतपासणीत अर्जदाराने कबूल केले होते की तो त्याच रोपवाटिकेत पिशव्या भरतो आणि पाणी देतो. हे कबूल करणारे पान न्यायमूर्तींसमोर असणार होते, ते लपवून 100 टक्के मागितले असते तर बाकीच्या मुद्द्यांवरचा विश्वासही गेला असता. म्हणून लेखी टिपणातच ती कबुली उद्धृत केली आणि मागणी 75 टक्के ठेवली.

न्यायमूर्तींनी विचारलेला पहिला प्रश्न तोच होता: हा माणूस आजही रोपवाटिकेत काम करतो, मग नुकसान कशाचे? उत्तरादाखल डोळा बांधण्याची कृती पायरीपायरीने सांगितली, प्रत्येक पायरीला अंगठा आणि तर्जनी कशी लागते ते दाखवले आणि मग डॉक्टरांचे वाक्य वाचले. तो कारागीर होता, आता मजूर आहे, आणि दोघांच्या मजुरीतला फरक हेच नुकसान आहे, एवढेच म्हणणे होते. कंपनीच्या वकिलांनी ते वाक्य संदर्भ सोडून वाचले जात असल्याची हरकत घेतली, पण प्रश्न त्यांच्याच बाजूचा होता.

हंगामाच्या प्रश्नावर मात्र आमची बाजू लंगडी पडली. वर्षातले उरलेले महिने अर्जदार काय करत होता, असे विचारल्यावर रेकॉर्डमधून दाखवण्यासारखे काही नव्हते.

निकाल

विमा कंपनीचे अपील फेटाळले गेले आणि प्रतिआक्षेप अंशतः मंजूर झाला. न्यायालयाने मासिक उत्पन्न कुशल कारागीर म्हणून 12,000 रुपये, भविष्यातील वाढ 40 टक्के आणि कमाईचे नुकसान 50 टक्के धरले. कमाईच्या नुकसानीचे 16,12,800 रुपये झाले. औषधोपचाराचे 1,60,000 कायम राहिले, सहा महिन्यांच्या बुडालेल्या मजुरीचे 72,000, वेदना आणि जीवनसुखाची हानी यांचे प्रत्येकी 75,000 आणि सोबतीचा माणूस, प्रवास व आहार यांचे 40,000 धरले गेले. एकूण भरपाई 20,34,800 रुपये झाली. दोषाची कपात रद्द झाली, व्याज 7 टक्केच राहिले.

मूळ अर्जातील मागणी 10 लाखांचीच होती. मागणीपेक्षा जास्त भरपाई देण्यास कायद्याची आडकाठी नाही, हे नागप्पा प्रकरणापासून (2003) स्थिर आहे. मात्र वाढीव रकमेवरचे न्यायालय शुल्क अर्जदाराला भरावे लागले आणि ते भरल्यानंतरच रक्कम काढता येणार होती. रकमेचा निम्मा भाग राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत ठेवण्याचा आदेश अर्जदाराला फारसा रुचला नाही. त्याला त्या पैशात स्वतःची छोटी रोपवाटिका घालायची होती.

वेगळे काय करता आले असते

सर्वांत मोठी संधी खालच्या पायरीवर होती. रोपवाटिका मालकाच्या शपथपत्रात कामाचे वर्णन एका परिच्छेदात आले असते, हिशेबाची वही सोबत जोडली असती आणि सल काढण्याच्या कामासाठी एखाद्या बागायतदाराची साक्ष झाली असती, तर अपिलात उत्पन्नावर वाद उरला नसता. प्रमाणपत्र देणाऱ्या डॉक्टरांना ‘या माणसाचे काम कोणते, ते तो आता करू शकेल का’ हा प्रश्न सरतपासणीतच विचारायला हवा होता. त्याचे उत्तर विरुद्ध बाजूच्या प्रश्नांतून मिळाले, हा निव्वळ योगायोग.

अपिलाच्या पातळीवर अतिरिक्त पुराव्याचा निर्णय वादाचा राहील. उत्पन्न 18,000 सिद्ध झाले असते तर बाकी सर्व तेच धरून कमाईचे नुकसान 24,19,200 रुपये झाले असते, म्हणजे 8,06,400 रुपये जास्त. घटनापीठाच्या निकालासाठी दोन-अडीच वर्षे तशीही थांबावे लागले. नियम 27 चा अर्ज 2020 मध्येच करून साक्ष खाली नोंदवून घेतली असती, तर ती याच काळात पूर्ण झाली असती असे कुणी म्हटले तर ते चुकीचे ठरणार नाही. मात्र 2020 मध्ये हा प्रश्न घटनापीठाकडे जाईल असे गृहीत धरता येत नव्हते, आणि वह्यांमध्ये हंगामाबाहेरच्या महिन्यांच्या नोंदी मुळात कमी होत्या. त्या रेकॉर्डवर आल्या असत्या तर 12,000 चा आकडाही खाली येण्याचा धोका होता. त्या वह्या पाहूनच अर्ज न करण्याचे ठरले होते, आणि त्याच वह्या समोर असतील तर आजही मी अर्ज करणार नाही.